फायब्रस डिस्प्लेशिया : कच्च्या हाडाचा आजार

यात चांगल्या हाडाची जागा तंतुमय, अर्धवट घडलेलं हाड घेतं. हा कर्करोग नाही. जीएनएएस जनुकातला बिघाड गर्भधारणेनंतर काही पेशींतच होतो. तो आईवडिलांकडून येत नाही, मुलांकडेही जात नाही. ‘कोणाच्या घराण्यातून आलं’ हा वाद घालूच नये.

पुष्कळदा पत्ता लागतो तो भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत : हाडात दुधी काचेसारखा धूसर भाग. आणखी किती हाडांत आहे, ते बोन स्कॅन सांगतो. शंका उरली तरच बायोप्सी. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील किंवा मुलीला फार लवकर पाळी आली असेल, तर मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोम समजून हार्मोन तपासतात. रक्तातलं फॉस्फेटही पाहावंच.

त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. फार दुखत असेल तर झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात. दातांची कामं त्याआधी उरकलेली बरी. मांडीचं हाड वाकू लागलं तर आत रॉड बसवतात. खरवडून हाडाचं कलम भरलं, तर कालांतराने तेही विरघळतं आणि तिथे पुन्हा कच्चंच हाड येतं. रेडिएशन टाळतात, कारण त्याने कर्करोगाचा धोका वाढतो.