60 लाख चॅनल, 25 नॅनोसेकंद

डिटेक्टर म्हटलं की सगळ्यांना सेन्सर आठवतो. कण आला, सेन्सरनं पकडला, कॉम्प्युटरवर आलेख उमटला. मधल्या टप्प्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सेन्सरमधून निघालेला विजेचा इवलासा धक्का आणि कॉम्प्युटरमधला आकडा यांच्यामध्ये जे इलेक्ट्रॉनिक्स असतं त्याला रीडआउट म्हणतात. प्रयोगाला काय दिसणार आणि काय नाही, हे बरंचसं तिथंच ठरतं.

एक खरं उदाहरण घेऊ. सर्नमधल्या सीएमएस प्रयोगासाठी 'एचजीकॅल' नावाचा नवा कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा डिटेक्टर, तयार होतोय. त्याची काही मॉड्यूल मुंबईच्या टीआयएफआरमध्येही जोडली जातात. यात सिलिकॉनचे सुमारे 60 लाख चॅनल आहेत. ते वाचणाऱ्या चिपचं नाव एचजीक्रॉक. एक चिप 72 चॅनल सांभाळते.

सिग्नल केवढा?

300 मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमधून एखादा म्युऑन आरपार गेला, तर साधारण 22 हजार इलेक्ट्रॉन सुटतात. चिपची स्वतःची खरखर, म्हणजे नॉइज, साधारण 2 हजार इलेक्ट्रॉनइतकी. वाटतं, भरपूर फरक आहे की! पण जिथं किरणोत्सर्ग सर्वात जास्त, तिथं सेन्सर 120 मायक्रॉनचे आहेत. तिथं सिग्नल आधीच 9 हजारांवर येतो, आणि वर्षानुवर्षं मारा सोसून सेन्सर खराब झाला की आणखी घटतो. खरखर मात्र कमी होत नाही.

मग जरा जास्त वेळ मोजून खरखर सरासरीत घालवता येणार नाही का? एरवी हाच उपाय करतात. पण एलएचसीमध्ये दर 25 नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांवर येतात. आधीच्या टकरीचा सिग्नल तेवढ्यात ओसरला नाही, तर त्याची शेपटी पुढच्या मोजमापात मिसळते. म्हणून झटपट मोजायचं, आणि झटपट मोजलं की खरखर वाढते. ती दाबायला अँप्लिफायरला जास्त करंट द्यावा, तर उष्णता वाढते. एका चॅनलला 20 मिलिवॉट धरले तरी 60 लाख चॅनलांचे 120 किलोवॉट होतात. आणि हा डिटेक्टर तर उणे 30 अंशांच्या आसपास ठेवायचाय! पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात, तसला हा प्रकार.

इवलंसं आणि अवाढव्य, दोन्ही

त्याच चॅनलवर कधी एकटा म्युऑन येतो, तर कधी प्रचंड ऊर्जेच्या कणांचा वर्षाव. चिपला 0.2 फेम्टोकूलंबपासून 10 पिकोकूलंबपर्यंत मोजायचं असतं, म्हणजे 50 हजार पटींचा पल्ला. एकाच मोजपट्टीनं हे जमत नाही.

इथली युक्ती मला फार आवडते. बादलीत थोडं पाणी असेल तर पट्टी लावून उंची मोजायची. पण पाणी इतकं आलं की पट्टी पुरेना, तर? खालून ठरावीक वेगानं पाणी सोडायचं आणि रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. चिप हेच करते. लहान सिग्नलची उंची मोजते. मोठ्या सिग्नलनं अँप्लिफायर तुडुंब भरला की तो ठरावीक पातळीच्या वर किती वेळ राहिला ते मोजते. त्यावरून विद्युतभार कळतो.

थांबा, निर्णय यायचाय

आता हिशेब करा. 60 लाख चॅनल, प्रत्येकी 10 बिट, सेकंदाला 4 कोटी वेळा. सेकंदाला 24 लाख अब्ज बिट झाले! एवढं सगळं बाहेर काढणं अशक्य. म्हणून चिप काही शेजारी चॅनलांची बेरीज करून एक ढोबळ चित्र लगेच ट्रिगरकडे पाठवते आणि तपशील स्वतःच्या मेमरीत ठेवते. या मेमरीत 512 कप्पे आहेत, दर 25 नॅनोसेकंदांना एक भरतो. म्हणजे 12.8 मायक्रोसेकंदांचा साठा. ट्रिगरला निर्णयासाठी 12.5 मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात 'ठेव' असा निरोप आला तर ठीक, नाहीतर त्या कप्प्यावर नवी नोंद चढते. सेकंदाला 4 कोटींपैकी जास्तीत जास्त साडेसात लाख नोंदी पुढे जातात.

त्यात आणखी एक भानगड. किरणोत्सर्गाचा एखादा कण चिपमधूनच गेला तर मेमरीतला 0 उलटून 1 होऊ शकतो. म्हणून महत्त्वाच्या सेटिंगच्या तीन-तीन प्रती ठेवतात आणि बहुमतानं जे ठरेल ते खरं मानतात.

या सगळ्यात जोखीम कुठं आहे? विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली तर जुना डेटा पुन्हा तपासता येतो. पण जी नोंद चिपनं ठेवलीच नाही, किंवा जो सिग्नल खरखरीत बुडाला, तो नंतर कितीही हुशार अल्गोरिदम आणला तरी परत येत नाही. आणि डिटेक्टर एकदा बंद केला की आतली चिप सहज बदलता येत नाही. म्हणूनच चिपच्या चाचण्यांना वर्षं लागतात, आणि त्यात घाई करून भागत नाही.