कथेसाठी आजार रचताना

स्पॅनिश लेखक सर्वान्तेस याने १६१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका कथेत तोमास नावाचा हुशार विद्यार्थी आहे. वशीकरणासाठी कुणी दिलेलं फळ खाऊन तो अंथरूण धरतो. उठतो तेव्हा शरीर सावरलेलं असतं, पण आपण नखशिखान्त काचेचे आहोत अशी त्याची पक्की खात्री झालेली असते.

इथून पुढे सर्वान्तेस जे करतो, ते मानसिक आजारावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं. काचेच्या माणसाचा दिवस कसा जाईल, हे तो दाखवतो. कौलं अंगावर पडतील म्हणून तोमास रस्त्याच्या मधोमध चालतो. हिवाळ्यात गळ्यापर्यंत गवतात शिरून झोपतो. प्रवासाला निघायचं तर त्याला गवतात नीट बसवून न्यावं लागतं. बाकी बुद्धी मात्र शाबूत, उलट अधिकच तल्लख. लोक गर्दी करून त्याला प्रश्न विचारतात आणि त्याची उत्तरं घरी नेतात. पुढे तो बरा होतो, तेव्हा त्याचं ऐकायला कुणी थांबत नाही. पोट भरायला त्याला सैन्यात जावं लागतं.

हा आजार सर्वान्तेसने हवेतून काढलेला नव्हता. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स (१३६८-१४२२) स्वतःला काचेचा समजे आणि फुटू नये म्हणून कपड्यांत लोखंडी पट्ट्या घालून घेई, असं पोप दुसरे पायस यांनी लिहून ठेवलं आहे. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातल्या वैद्यांच्या लिखाणात असे रुग्ण भेटतात, मग ते विरळ होत जातात. स्वच्छ पारदर्शक काच तेव्हा मौल्यवान आणि नवलाची वस्तू होती. भीती माणसाची स्वतःची असते, पण तिला रूप मिळतं ते भोवतालच्या वस्तूंतून.

लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातल्या जेम्स टिली मॅथ्यूजचंही तसंच. हा चहाचा व्यापारी. एक टोळी 'हवेचा माग' नावाच्या यंत्रातून वायू सोडून आपल्या मनावर ताबा मिळवते, असं तो सांगे. डॉक्टर जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. यंत्रमागांनी इंग्लंड बदलून टाकलं तो हा काळ. म्हणून कथेसाठी आजार रचणाऱ्याने आधी आपल्या पात्राच्या घरात, कामाच्या जागी काय काय आहे ते बघावं.

दुसरी गोष्ट तर्काची. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ द क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये ५३ वर्षांच्या एका बाईची हकिगत मांडली. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आपल्यावर प्रेम करतो, अशी तिची श्रद्धा. ती बकिंगहॅम राजवाड्याबाहेर उभी राही, आणि खिडकीचा पडदा हलला की तो तिला राजाचा इशारा वाटे. अशा मनाला नकारसुद्धा पुरावाच वाटतो. इयन मॅकइवन यांनी १९९७ च्या 'एन्ड्युअरिंग लव्ह' कादंबरीत हाच आजार घेतला आणि शेवटी एका वैद्यकीय नियतकालिकातला वाटावा असा लेख जोडला. लेखकांची नावं वेन आणि कामिया. ही नावं मॅकइवन यांच्याच नावातली रोमन अक्षरं उलटसुलट करून तयार केलेली होती, तरी काही समीक्षकांना तो लेख खरा वाटला.

आता एखादा आजार रचून पाहू. लग्नसमारंभांत व्हिडिओ काढणाऱ्या एका माणसाला वाटू लागतं की प्रत्येक फोटोत आपला थोडा अंश अडकतो आणि बाहेर आपण तेवढे उणे होतो. वजन तेवढंच भरलं की तो म्हणतो, कमी होतंय ते वजनाच्या काट्याला कळणारं नाही. मग बँकेत फोटो मागितला की काय करायचं? धंद्याचं काय? मुलीच्या लग्नात तो मांडवात कुठे उभा राहील? बायको पाहुण्यांना काय सांगेल? या प्रश्नांची उत्तरं सापडत गेली की आजार खरा होत जातो. मेंदूतल्या रसायनांवरचे दोन परिच्छेद ते काम करू शकत नाहीत.

आजार रचण्यात सत्ता असते, हेही विसरता येणार नाही. अमेरिकेत १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने मालकापासून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रॅपेटोमेनिया' नावाचा मनोविकार होतो असं जाहीर केलं, आणि त्यावर उपाय म्हणून चाबूक सुचवला. तो रचलेला आजार वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. कथेतल्या आजारानेही माणसं दुखावतात. मनोरुग्ण म्हणजे खुनी, हे समीकरण आपल्या रहस्यकथांनी आणि सिनेमांनी वर्षानुवर्षं घोटून घेतलं, आणि त्याची किंमत घराघरांतल्या रुग्णांनी मोजली.

याउलट, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट पुन्हा पाहावा. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष स्किझोफ्रेनियाशी झुंजतो, आणि त्याच्या मनातलं सारं काहूर कोकणातल्या देवराईभोवती फिरतं. त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताणही तितक्याच जवळून दिसते. याच दिग्दर्शकद्वयीच्या 'अस्तु'मध्ये स्मृती हरवत चाललेल्या वडिलांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

नव्या लेखकांना एवढीच विनंती. आजाराचं नाव, लक्षणं हवी तशी रचा, पण हस्तलिखित छापायला देण्याआधी एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला आणि घरात असा रुग्ण सांभाळणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. आणि गोष्ट संपवायला सोपं जातं म्हणून आपल्या रुग्णाला शेवटच्या पानावर खुनी करू नका, किंवा लग्न लावून बराही करू नका.