विश्लेषण : ट्रॅकवरून परतलेल्या स्पोर्ट्‌स कारमधून अनोळखी आवाज… साधा कोणता, धोक्याचा कोणता?

ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. स्वतःची स्पोर्ट्‌स कार अशा बंदिस्त मार्गावर मनसोक्त पळवण्याच्या उपक्रमाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. पण दिवसभर ट्रॅकवर पिळून निघालेली तीच गाडी संध्याकाळी महामार्गावरून घरी आणायची असते. तेव्हा सकाळी नसलेली घरघर, टकटक किंवा खरखर ऐकू आली, तर पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय जिवाशी आणि खिशाशी निगडित असतो.

ट्रॅकवर गाडीवर ताण किती येतो?

दीड टन वजनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणली, की सुमारे १९ लाख जूल ऊर्जा उष्णतेत बदलते. साडेपाच लिटरहून अधिक पाणी २० अंशांवरून उकळीला आणण्याइतकी ही उष्णता एका ब्रेकिंगमध्ये तयार होते. ती प्रामुख्याने ब्रेक डिस्क आणि पॅडवर येते आणि प्रत्येक फेरीत अनेकदा येते. शिवाय वळणांवर गाडीचा भार एका बाजूच्या चाकांवर जातो, कडेच्या उंचवट्यांवरून जाताना सस्पेन्शनला दणके बसतात आणि इंजिन बराच काळ कमाल फेऱ्यांच्या आसपास फिरते. रस्त्यावरच्या कित्येक महिन्यांची झीज त्यामुळे एका दिवसात होऊ शकते.

आवाज ओळखण्याची सुरुवात कुठून करावी?

आवाज कुठून येतो, यापेक्षा तो कशासोबत बदलतो, हे आधी पाहावे. कारण धातूच्या सांगाड्यातून आवाज दूरवर पोहोचतो आणि कान फसतो. गाडी उभी असताना इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर आवाज वाढत असेल, तर इंजिन, त्याचे पट्टे किंवा एक्झॉस्ट यांच्याकडे लक्ष द्यावे. गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल आणि गिअर बदलूनही तसाच राहत असेल, तर टायर, चाकाचे बेअरिंग किंवा डिफरन्शिअल तपासावे. फक्त ब्रेक दाबल्यावर, फक्त वळताना किंवा फक्त खड्ड्यातून जाताना येणारा आवाज तर आपला पत्ता स्वतःच सांगतो. ही चाचणी मोकळ्या जागी, कमी वेगात करावी. चालत्या गाडीचे इंजिन मात्र कधीही बंद करू नये. स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही संपते.

कोणते आवाज बहुधा निरुपद्रवी असतात?

गाडी बंद केल्यावर येणारी टिकटिक ही तापलेला एक्झॉस्ट थंड होऊन आकसल्याची खूण असते. इंजिन बंद असूनही काही मिनिटे पंखा फिरत राहणे अनेक गाड्यांत अपेक्षित असते. गरम, मऊ झालेल्या टायरला ट्रॅकवरचे रबराचे तुकडे आणि खडे चिकटतात. ते निघून जाईपर्यंत थडथड आणि किंचित थरथर जाणवते. डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यामध्ये खडा अडकला, तर कानठळ्या बसवणारी खरखर होते. खडा काढला की ती थांबते. ट्रॅकसाठीचे कडक ब्रेक पॅड थंड असताना किंचाळतात. लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल असलेली गाडी पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना मागून कुरकुर येऊ शकते. ती आधीपासून असेल तर चिंता नसावी. नव्याने सुरू झाली असेल तर डिफरन्शिअलचे तेल तपासावे.

चाक आणि ब्रेकचे आवाज काय सांगतात?

वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण हे चाकाच्या बेअरिंगचे नेहमीचे लक्षण. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा गुणगुण वाढली, तर संशय उजव्या बाजूवर. उजवीकडे वळताना वाढली, तर डाव्या बाजूवर. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू जाताना पुढून कटकट आली, तर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत सीव्ही जॉइंट पाहावा. ब्रेक दाबताच धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येत असेल, तर पॅडचे अस्तर संपले असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी महामार्गावर नेऊ नये. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरले, की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. पण अनेकदा पॅडचा थर डिस्कवर असमान बसल्यानेही तसे होते. संथ वेगात चाकातून तालात टकटक येत असेल, तर लगेच थांबून चाकाचे नट तपासावेत. तापणे-थंडावणे या चक्रात ते सैल पडू शकतात. म्हणूनच चाके थंड झाल्यावर कंपनीने ठरवलेल्या मापाला टॉर्क रेंचने ते पुन्हा आवळावेत.

इंजिनातील ठकठक गंभीर का?

लांब, वेगवान वळणात तेलाच्या टाकीतले ऑइल एका बाजूला फेकले जाते. तेल खेचणाऱ्या नळीत क्षणभर हवा शिरली, की क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवरचा तेलाचा पातळ थर तुटतो आणि धातू धातूला भिडतो. यासाठीच काही स्पोर्ट्‌स कारमध्ये तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी ‘ड्राय संप’ रचना असते. बेअरिंग गेल्यावर येणारी ठकठक जड आणि खोल असते, फेऱ्यांबरोबर जलद होते आणि इंजिनावर भार येताच वाढते. अशी ठकठक आली किंवा ऑइल प्रेशरचा दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. पुन्हा सुरू करून ऐकण्याचा मोह टाळावा आणि गाडी टो करून न्यावी. वेळीच थांबल्यास काम बेअरिंगवर भागू शकते. पुढे रेटल्यास अख्खे इंजिन जाते. गॅरेजमध्ये ऑइल फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का, हे पाहतात. ड्रेन प्लगचे चुंबक स्वच्छ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. बेअरिंगच्या थरातील तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही.

मोबाइलचा उपयोग कसा होतो?

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर आवाज गायब होतो, हा अनेकांचा अनुभव. त्यामुळे सहप्रवाशाने तो मोबाइलवर रेकॉर्ड करावा आणि वेग, गिअर व फेऱ्या मोठ्याने बोलाव्यात. त्यावरून साधा हिशेब मांडता येतो. टायरचा घेर सुमारे २ मीटर असेल, तर ताशी ७२ किलोमीटर वेगात चाक सेकंदाला १० वेळा फिरते. ठोके सेकंदाला १० असतील, तर संशय चाकावर. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० आणि कॅमशाफ्ट २५ वेळा फिरतो. ध्वनिलहरींचा आलेख दाखवणाऱ्या ॲपमध्ये हे ठोके मोजता येतात. मात्र हा हिशेब दिशा दाखवतो. खात्री चाक जॅकवर उचलून, हलवून आणि फिरवूनच होते.

मेकॅनिकला काय सांगावे?

वॉरंटी नाकारली जाईल या भीतीने गाडी ट्रॅकवर नेल्याचे काही जण लपवतात. त्यामुळे तपासणी चुकीच्या दिशेने जाते आणि खरा दोष गाडीतच राहतो. किती फेऱ्या मारल्या, आवाज कधी सुरू झाला, गाडी गरम होती की थंड, ट्रॅकबाहेर गेली होती का, हे स्पष्ट सांगावे. ब्रेक ऑइल केव्हा बदलले, हेही सांगावे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. ऑइल उकळले, तर कोणताही आवाज न होता पेडल थेट खाली जाते. भारतातील प्रमाणित वाहन विम्यात आयोजित शर्यती आणि वेगचाचण्यांतील नुकसान वगळलेले असते. त्यामुळे ट्रॅक डेला जाण्याआधी पॉलिसी आणि वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. आणि परतीच्या वाटेवर आवाजाबद्दल शंका उरली, तर गाडी टो करून आणणेच शहाणपणाचे.