गाडी मिसिंग का मारते?

दोस्तांनो, उभ्या गाडीचं इंजिन चालू असताना कधी कान देऊन ऐकलंय? एकसारखी घरघर ऐकू येते. मध्येच एखादा ठोका चुकला, गाडीनं अंग झटकल्यासारखं केलं आणि पुन्हा घरघर सुरू झाली, की समजायचं गाडी 'मिसिंग मारते' आहे. गॅरेजमध्ये हाच शब्द चालतो.

आमच्या शेजारच्या काकांची गाडी गेल्या पावसाळ्यात अशीच मिसिंग मारायला लागली. रेल्वे फाटकापाशी थांबली की गचके! दोनदा तर तिथेच बंद पडली. काकांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं, तेही पहाटे साडेपाचला निघून. त्यामुळे घरात सगळ्यांना घोर लागला. एका गॅरेजवाल्यानं चारही प्लग बदलले. फरक नाही. मग दोन कॉईल बदलल्या. तरीही नाही. साडेसहा हजार रुपये गेले आणि गचके होते तसेच.

इंजिनात काय चालतं ते आधी पाहू. काकांच्या गाडीला चार सिलिंडर आहेत. प्रत्येकात एक पिस्टन खालीवर होतो. हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, ठिणगीनं पेटवायचं आणि जळालेला धूर बाहेर ढकलायचा, ही चार कामं होईपर्यंत इंजिनाचा मुख्य दांडा दोन फेऱ्या मारतो. म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या, तर एका सिलिंडरमध्ये ४०० ठिणग्या, चारांत मिळून १६००. आणि हे गाडी नुसती उभी असताना! फेऱ्या ३००० झाल्या तर सेकंदाला किती ठिणग्या पडतील? करा हिशेब. (उत्तर १०० आलं नाही, तर पुन्हा करा.)

ठिणगी पडली नाही, दाब कमी पडला किंवा हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडलं, की ठोका हुकतो. मोटारगाडीच्या जन्मापासूनची ही दुखणी आहेत. १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई आपल्या १५ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन नवऱ्यानं बनवलेल्या गाडीतून जवळपास शंभर किलोमीटरच्या प्रवासाला निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी हॅटच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीच्या तारेचं आवरण गेलं, तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. पण त्यांचं दुखणं डोळ्यांना दिसत होतं. काकांच्या गाडीचं दिसत नव्हतं.

शेवटी एका रविवारी काका गाडी घेऊन दुसऱ्या मिस्त्रींकडे गेले. मीही सोबत होते. मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. आधी स्कॅनर जोडला. ठोका हुकला की दांड्याची गती क्षणभर मंदावते, ते गाडीतला कॉम्प्युटर ओळखतो आणि तशी नोंद ठेवतो. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी-०३०२ म्हणजे दुसरा, असं चारपर्यंत. इथे नोंद होती पी-०३००. म्हणजे कधी हा हुकतो, कधी तो.

मिस्त्री मला म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात रोज एकाच पोराचं गणित चुकलं तर काय बघता?"

"त्याची वही."

"आणि रोज वेगवेगळ्या पोरांचं चुकलं तर?"

"मग फळ्यावर मीच काहीतरी चुकीचं लिहिलेलं असणार."

"झालं तर! एकच सिलिंडर हुकत असता, तर त्याची कॉईल शेजारच्याला लावून बघितली असती. दोष कॉईलबरोबर शेजारी गेला, तर कॉईल खराब. इथं चौघंही चुकतायत. चौघांना मिळून जे मिळतं ते बघायचं."

चौघांना मिळून काय मिळतं? हवा आणि पेट्रोल. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या गाडीत आत जाणारी हवा मोजायला एक सेन्सर असतो आणि त्या मापानं कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. पण सेन्सरला चुकवून चोरवाटेनं हवा आत शिरली तर? पेट्रोल कमी पडतं. मग दमट काडेपेटीतल्या काडीसारखं होतं. एखादी पेटते, एखादी नाही, आणि कुठली पेटणार नाही ते आधी सांगता येत नाही!

मिस्त्रींनी स्कॅनरवर दाखवलं. गाडी उभी असताना कॉम्प्युटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल ओतत होता. इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या की आकडा जागेवर येई. चोरवाटेचीच ही खूण. इंजिन मंद चालताना आत हवा थोडीच जाते, त्यात चोरटी हवा भारी पडते. जोरात चालताना हवा इतकी जाते की तेवढीशी चोरी जाणवत नाही. म्हणून गचके फाटकापाशीच बसत होते!

मग इंजिन बंद करून त्यांनी हवेच्या वाटेचं तोंड झाकलं आणि छोट्या यंत्रानं आत धूर सोडला. आम्ही वाकून पाहत होतो. मिनिटभर काही नाही. मग मागच्या बाजूनं, उदबत्तीची असते तशी बारीक रेघ वर आली. इंजिनातली वाफ परत आत नेणारा एक रबरी पाईप खालच्या अंगानं तडकला होता. नवा पाईप १८० रुपयांना मिळाला, बसवायला वीस मिनिटं लागली. स्कॅनरवरचा आकडा खाली आला, पण मिस्त्रींनी लगेच गाडी सोडली नाही. काकांना शेजारी बसवून फाटकापर्यंत नेली, तिथं दहा मिनिटं चालू ठेवली, मगच किल्ली हातात दिली.

(मुलांनो, चालू इंजिनात हात घालायचा नाही हं! कॉईलमध्ये हजारो व्होल्ट असतात. आणि पालकांनो, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धुराच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो महागाचा भाग तापून निकामी होऊ शकतो.)

मंगळवारी आजी नेहमीसारख्या पहाटे गेल्या आणि दुपारी परत आल्या. चांगल्या असलेल्या जुन्या दोन कॉईल काकांनी कागदात गुंडाळून डिकीत ठेवल्यात. तडकलेला पाईप मी मागून घेतला. तो आता आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीत आहे. नुसता हातात धरला तर धड दिसतो. पिळला, की भेग उघडते.