पाठीतले पाणी आणि नंतरची डोकेदुखी

'पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल' असे डॉक्टरांनी म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाय लुळे तर पडणार नाहीत ना? मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घातली जाते. त्यामुळे ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. नंतरच्या डोकेदुखीविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ही डोकेदुखी ओळखणे सोपे आहे. उठून बसताच डोके ठणकते, आडवे होताच उतरते. सुईने पडलेल्या छिद्रातून द्रव झिरपत राहतो आणि मेंदूभोवतीचा दाब कमी होतो. जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली ही सुई स्वतःलाच टोचवून घेतली आणि हे दुखणे कित्येक दिवस भोगले.

यात सुईचे महत्त्व मोठे आहे. जुन्या सुईचे टोक तिरपे व धारदार असते. ते मज्जारज्जूचे आवरण कापते. दुसऱ्या सुईचे टोक पेन्सिलीसारखे असते. ते तंतू बाजूला सारते आणि सुई निघताच तंतू पुन्हा जवळ येतात. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली ३१ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. धारदार सुईने सुमारे ११ टक्के, तर पेन्सिल-टोकाच्या सुईने सुमारे ४ टक्के रुग्णांना डोकेदुखी झाली. तरीही धारदार सुई अद्याप वापरात आहे, ती किमतीमुळे आणि सवयीमुळे. म्हणून 'कोणती सुई वापरणार?' असे नम्रपणे विचारण्यास संकोचू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही आधीच सांगावे. ती परस्पर बंद करू नये.

वृद्धांना हा त्रास तरुणांपेक्षा कमी होतो. दिवसभर उताणे निजून राहिल्याने तो टळतो, असे मीही अनेक वर्षे सांगत आलो. अभ्यासांत त्याला आधार मिळालेला नाही.

बहुतेकांचे दुखणे आठवडाभरात शमते. न शमल्यास रुग्णाचेच थोडे रक्त पाठीत त्या जागी सोडतात. त्याने छिद्र बुजते. मात्र आडवे होऊनही डोके दुखत राहिले, ज्वर आला, मान ताठरली, गुंगी वा बरळणे सुरू झाले, तर थांबू नये. वृद्धांत मेंदूभोवती रक्त साकळल्याचे ते लक्षण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.