आमच्या बाजारातला बोंबील

माझं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध, पण समुद्राशी संबंध शून्य! तरीही बोंबील मी लहानपणापासून ओळखतो. आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी वाळक्या काटक्यांसारखा पडलेला असायचा. आई तो तव्यावर भाजून लसूण-मिरचीत परतायची. बोंबील म्हणजे कडक, अशी माझी पक्की समजूत.

ही समजूत मोडली रूममेटच्या गावी, भाईंदरजवळच्या उत्तनला. काकूंनी ताजा बोंबील हातावर ठेवला आणि तो बोटांतून निसटलाच. अंग जेलीसारखं मऊ, गुलाबी-पांढरं, थोडं पारदर्शक. डोळे बारीक, पण तोंड डोळ्यांच्याही बरंच मागेपर्यंत फाटलेलं आणि आत वळलेले सुईसारखे दात. शेपटीला दोन नाही, तीन टोकं! दिसायला गरीब असला तरी हा पक्का शिकारी. कोळंबी, जवळा आणि लहान मासे गिळतो, वेळ पडल्यास स्वतःच्या जातीची पिल्लंसुद्धा सोडत नाही.

त्याचा पत्ताही विचित्र आहे. सौराष्ट्रापासून मुंबईपर्यंत तो भरपूर मिळतो, रत्नागिरीच्या खाली जवळजवळ गायब होतो आणि पुन्हा भेटतो तो थेट बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात. त्याला नद्या-खाड्यांच्या मुखाजवळचं गढूळ पाणी आणि चिखलाचा तळ आवडतो. कारण त्याचा आवडता जवळाही तिथेच असतो.

आता आपल्या विषयाकडे येऊ. त्याला पकडणारी डोल जाळी म्हणजे नरसाळ्यासारखी लांब पिशवी. ती समुद्रात बांधून ठेवतात, ओढत नाहीत. भरती-ओहोटीचा प्रवाह तोंडातून शिरतो आणि मासे शेवटच्या बारीक टोकात जमतात. म्हणजे जाळं चालवायला इंजिन लागत नाही, चंद्र पुरतो! अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून मासळीही जास्त. भांगाच्या दिवसांत दोन्ही कमी.

ताज्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. समजा ८८ टक्के धरलं, तर १०० किलोमध्ये घनपदार्थ फक्त १२ किलो. वाळवून पाणी १५ टक्क्यांवर आणलं की उरतात साधारण १४ किलो. बाकीचे ८६ किलो पाणी ऊन आणि वारा फुकटात उडवून नेतात. बांबूच्या मांडवावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. ना हूक, ना धागा. हवा सगळीकडून लागते. असा वाळलेला बोंबील बर्फाशिवाय भोकरदनपर्यंत पोचतो आणि ज्या घरात फ्रीज नाही तिथेही टिकतो.

पण हे सगळं उन्हावर उभं आहे. पावसाळा सरल्यावर वाळवण सुरू होते आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस आला, तर मांडवावरचा माल बघता बघता कुजतो. काकू हे सांगत होत्या तेव्हा मला आमच्याकडचं सोंगून ठेवलेलं, भिजलेलं सोयाबीन आठवलं. नुकसान एकच, फक्त पीक वेगळं.

दुसरी अडचण माणसाने केलेली आहे. जाळ्याच्या बारीक टोकात पिल्लंही अडकतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्यात बोंबील १८० मिलिमीटर आहे. त्याहून लहान पकडला तर तो एकदाही अंडी न घालता संपण्याची भीती. आपल्या डब्यातल्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीने मापलं तर अर्ध्याहून थोडा जास्तच!

परवा खोलीत बोंबील भाजला तेव्हा रेक्टर सर वास काढत आले. बोलणी बसली, ती रास्तच होती. पण जाताना त्यांनी विचारलं, "कुठला रे?" मी म्हणालो, "सर, समुद्रातला. पण आमच्या बाजारातला!"