उजेडाला थांबा नाही

नरखेड जंक्शन तुमच्या रोजच्या पाहण्यातले. इटारसी-नागपूर मार्गाला अमरावतीकडची वाट येथेच मिळते. दोन गाड्यांना एकाच वेळी एकच रूळ हवा असला, तर काय करतात? एकीला सिग्नलपाशी थांबवतात. दुसरी पुढे गेली, की तिला सोडतात.

तुमचे मोबाइलवरचे बोलणे, संत्र्याचा भाव, बँकेचा निरोप, हेही असेच प्रवास करतात. निरोपाची लहान लहान पाकिटे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, आणि केसासारख्या बारीक काचतंतूतून ती उजेडाच्या रूपाने धावतात. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत टाकतात ती तार हीच.

आता अडचण पाहा. दोन पाकिटे एकाच क्षणी चौकात आली. दोघांना तंतू एकच हवा आणि उजेडाचा रंगही एकच. एकाला थांबवावे, तर उजेड काही गाडीसारखा उभा राहत नाही! म्हणून आज चौकात उजेडाची वीज करतात, पाकीट यंत्राच्या स्मृतीत ठेवतात आणि पाळी आली, की पुन्हा उजेड करून धाडतात. यात वेळ जातो, वीजही लागते. हे सारे उजेडातच उरकावे, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. तो अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली वेटोळ्याची. काचेत उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सेकंदाला १ हजार कोटी बिट नेणाऱ्या तंतूत १५०० बाइटचे, म्हणजे १५०० इंग्रजी अक्षरांएवढे, पाकीट २४० मीटर लांब पसरते. दहा डब्यांची गाडीच म्हणा ना! तेव्हा एकाला पुढे जाऊ द्यायचे, तर दुसऱ्याला निदान तेवढ्या लांबीच्या वेटोळ्यातून फिरवावे लागते. पण वेटोळे संपले, की ते बाहेर येणारच. मग वाट मोकळी असो वा नसो.

दुसरी वाट रंग बदलण्याची. एकाच तंतूत अनेक रंग एकमेकांना न अडवता धावतात. पण रंग बदलणारे यंत्र महाग पडते. तिसरी वाट आडरस्त्याची. त्यात पाकीट उशिरा पोचते, क्रम चुकतो आणि दुसऱ्यांच्या रस्त्यावर गर्दी होते.

तिन्ही वाटा खुंटल्या, तर पाकीट टाकून द्यावे लागते. पण त्यामुळे तुमचे पैसे बुडत नाहीत. पाठवणारे यंत्र पोच येईपर्यंत नक्कल जपते व पुन्हा धाडते. चालू बोलण्यात मात्र मागाहून आलेल्या शब्दाचा काय उपयोग? म्हणूनच जेथे पाकिटांची प्रतवारी करतात, तेथे चौकात बोलण्याच्या पाकिटाला आधी वाट देतात.